मामाची मांडी

येडूतात्यांचा फोन आला तेव्हा धनाजी विहिरीवर मेंढरांना पाणी पाजत होता. आधी त्याला आवाज ओळखूच आला नाही. म्हातारा खोकत खोकत बोलत होता.

"धनाजी, म्या बोलतूय, सोलापुरातनं. येत्या रविवारी दिगूला तिसरं सरतंय. सकाळच्याला जावळ काढायचं, सांजच्याला केक. तू ये. इहीणबाईंनाबी आन."

"दाजींनी सांगितलंय व्हय बोलवायला?"

पलीकडं जरा वेळ नुसता खोकलाच ऐकू आला.

"म्या सांगतूय न्हवं? मामाच्या मांडीबिगर जावळ काढत्यात व्हय कुटं? ये तू."

दिगू म्हणजे दिग्विजय, धनाजीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहिणीचं नाव मायाक्का. शाळेच्या दाखल्यावर नुसतंच माया होतं, पण मंगळवेढ्याच्या पलीकडच्या त्या वाडीत तिला सगळे मायाक्काच म्हणायचे. सोलापूरच्या येडूतात्यांच्या मुलाला, सयाजीला तिला दिलं होतं. सयाजी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं, माणूस निर्व्यसनी होता. मायाक्काला शहर मानवलं होतं. मग बाळंतपण झालं, मुलगा झाला, आणि बाळ जेमतेम मान धरायला लागलं तेव्हा तिला ताप आला. तो ताप डोक्यात गेला. दवाखान्यात नेलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. तिथून ती परत आलीच नाही.

दिवस झाल्यावर सयाजी स्वतः बाळाला घेऊन वाडीवर आला होता. केराबाईच्या, म्हणजे धनाजीच्या आईच्या ओटीत त्यानं ते मूल ठेवलं आणि म्हणाला, "मला हे जमायचं न्हाय, आई." केराबाईनं शेळीच्या दुधावर नातू वाढवला. तो उपडा पडला तो तिच्या वाकळेवर, रांगला तो तिच्या अंगणात. पहिला दात आला तेव्हा त्यानं धनाजीच्या बोटाला चावून दाखवला होता. मेंढरं घेऊन संध्याकाळी धनाजी घरी आला, की पोरगं त्याच्या मांडीवर चढून बसायचं आणि तिथंच झोपायचं.

पुढं सयाजीनं दुसरं लग्न केलं. अक्कलकोटकडची मुलगी, सुकन्या. लग्नानंतर दोनेक महिन्यांनी तो पोराला न्यायला आला. बापाचं पोर बापाकडं जाणार, यात चूक काही नव्हतं. केराबाईनंच झोपेत असताना दुपट्यात गुंडाळून ते त्याच्या हातात दिलं. सुरुवातीला केराबाई आणि धनाजी महिन्यातून एकदा सोलापूरला जाऊन यायचे. पण ते परत निघाले, की पोर रात्रभर रडायचं, जेवायचं नाही. एकदा सयाजीचा फोन आला, "थोडं दिवस येऊ नका. त्याला हितं रुळू द्या."

हे थोडे दिवस संपलेच नाहीत.

धनाजीनं आईला फोनचं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं परातीतलं पीठ तसंच सोडलं.

"सयाजी बोलला?"

"तात्या बोललं."

"कुनी का बोलंना," ती म्हणाली. "बोलावनं आलं म्हंजी झालं."

मंगळवेढ्याच्या बाजारात जाऊन तिनं चांदीचा करदोडा घेतला. कपड्याच्या दुकानात माप विचारलं तेव्हा तिनं हवेत हात धरला, "एवडा असंल बगा." दुकानदार हसला, म्हणाला, "मावशी, तीन वर्साचं पोर हाय ना? मग जरा वर घ्या हात." तिनं हात थोडा वर घेतला. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं एक लहानसं घोंगडं तिनं आधीच विणून घेतलं होतं. कधीतरी द्यायला होईल म्हणून ते पेटीत पडून होतं. मामानं भाच्याला मांडीवर घेऊन बसायचं ते त्याच घोंगड्यावर, असं तिनं ठरवून टाकलं.

रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं ते निघाले. धनाजीनं फेटा बांधला होता. केराबाई वाटेत एकदाच बोलली, "वळखंल का रं आपल्याला?"

"लई ल्हान हुतं गं आये."

"मांडीवर घेतलंस की वळखंल. अंगाचा वास इसरत न्हाय लेकरू."

स्टँडवरून रिक्षा केली. गल्लीच्या तोंडालाच मांडव दिसला आणि मांडवाच्या वर मोठा फ्लेक्स. त्यावर दिगू होता. डोक्यावर सोनेरी मुकुट, डोळ्यांना काळा चष्मा, खाली 'युवराज दिग्विजय यांना वाढदिवसाच्या व जावळ समारंभाच्या हार्दिक शुभेच्छा'. बाजूला सुकन्या आणि सयाजी. खालच्या रांगेत येडूतात्या, सयाजीची बहीण, आणि एका कोपऱ्यात दाढी राखलेला एक तरुण. त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'लाडके मामा संगप्पा'.

केराबाईला वाचता येत नव्हतं. ती रिक्षातून उतरून कपाळावर हात धरून बघत उभी राहिली.

"किती ग्वाड दिसतंय रं. आन् ह्यो दाडीवाला कोन?"

"पावना हाय कुनीतरी."

"तुजा फोटू न्हाय लावला?"

"माजा फोटू हाय कुटं त्यांच्याकडं," धनाजी म्हणाला आणि पिशव्या उचलून पुढं झाला.

मांडवात माणसं जमली होती. मध्ये पाट मांडला होता, पुढं परात होती, न्हावी वस्तरा पुसत बसला होता. फ्लेक्सवरचा तो दाढीवाला तरुण नवीन शर्ट घालून पाटावर बसलेला होता आणि त्याच्या खांद्याला लोंबकळत दिगू त्याच्या खिशातला मोबाईल काढायला बघत होता. केस मानेपर्यंत वाढलेले, दोन बाजूंना रबर लावलेले. धनाजी जागच्या जागी थांबला. हेच पोर त्याच्या बोटाला चावलं होतं, हे त्याला पटेना.

सयाजी समोरून येत होता. यांना बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं केराबाईच्या पाया पडून तिला खुर्चीवर बसवलं, पाणी द्यायला सांगितलं आणि धनाजीला हाताला धरून मांडवाच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ नेलं.

"धनाजीराव, तुम्ही येणार हे मला ठाऊक नव्हतं."

"तात्यांनी बोलवलं."

"तात्यांनी?" सयाजीनं डोक्याला हात लावला. "आता कसं करायचं? मामा म्हणून संगप्पाला बसवायचं ठरलंय. सुकन्याचा भाऊ. पोराला त्याची सवय हाय. आणि दुसरं म्हणजे... पोराला ठाऊक न्हाय."

"काय ठाऊक न्हाय?"

"सुकन्या त्याची आई हाय, एवढंच ठाऊक हाय त्याला."

"मग आमी कोन त्याचं?"

"आजच्या दिवस पावणं व्हा," सयाजी हळूच म्हणाला. "मोठा झाल्यावर सांगणारच हाय मी. आत्ता नको. मी हात जोडतो तुम्हाला."

"दाजी, माजी भैन मेली. म्या न्हाय मेलो."

हे त्याच्या तोंडून जोरात निघालं. मांडवातली बोलणी थांबली. येडूतात्या काठी टेकत आले आणि मुलाच्या अंगावर खेकसले, "म्या बोलवलंय त्यांना. ज्या घरची लेक आनली त्या घरचा मामा बसल. तुज्या मनानं रीत बदलती व्हय?" संगप्पा पाटावर तसाच बसून होता. उठावं की बसावं, त्याला कळत नव्हतं. न्हाव्यानं वस्तरा मिटून ठेवला.

तेवढ्यात सुकन्या आतून आली. हाताला भिजवलेलं कुंकू होतं. काय झालं म्हणून तिनं विचारलं. मग तिची नजर खुर्चीच्या कडेला बसलेल्या म्हातारीवर गेली. मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर दोन्ही हात. सुकन्यानं हात पदराला पुसले, जाऊन केराबाईच्या पाया पडली आणि भावाकडं वळून कानडीत काहीतरी बोलली. संगप्पा लगेच उठला.

"बसा हो मामा," तो धनाजीला म्हणाला. "मान तुमचाच हाय. मला कुणी सांगितलंच नव्हतं तुम्ही येणार म्हणून."

केराबाईनं घाईघाईनं गाठोडं सोडलं आणि पाटावर ते घोंगडं अंथरलं. धनाजी बसला. त्यानं दोन्ही हात पुढं केले.

सुकन्यानं दिगूला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं मात्र, पोरानं एकदा त्या फेट्याकडं आणि मिशांकडं बघितलं आणि किंकाळी फोडली. "अव्वा! अव्वा!" कानडीत आईला हाक मारत, अंग ताठ करून ते मांडीवरून घसरायला लागलं. धनाजीनं फेटा काढून बाजूला ठेवला. "आरं दिगा, म्या हाय की. मामा हाय मी." पण पोर ऐकेना. कुणी फुगा दाखवला, कुणी मोबाईलवर गाणं लावलं. सुकन्या समोर बसून त्याचे हात धरत होती, ती स्वतःच रडायच्या बेताला आली होती. न्हाव्यानं एकदा कात्री पुढं केली, पोरानं डोकं असं झटकलं, की त्यानं हात मागं घेतला.

"असं न्हाय जमायचं मालक. लागंल त्याला."

धनाजीच्या हातात पोराची छाती होती. ती पाखरासारखी उडत होती. वाडीवर हेच पोर ढगांचा गडगडाट झाला तरी त्याच्याच कुशीत शिरायचं. आता त्याला भीती वाटत होती ती धनाजीचीच. रडून रडून त्याचा श्वास लागला तेव्हा धनाजीला बघवेना. त्यानं पोराला उचललं आणि संगप्पाकडं दिलं.

"तुमी बसा," तो म्हणाला.

"अहो, पण मामा..."

"बसा. लेकराला तरास नको."

संगप्पा घोंगड्यावर बसला. दिगू त्याच्या गळ्यात पडून हुंदके देत देत शांत झाला. न्हाव्यानं रीतीप्रमाणं पहिली बट मामानं कापायची म्हणून कात्री संगप्पाच्या हातात दिली. संगप्पानं वर बघितलं आणि ती धनाजीपुढं धरली. धनाजी पोराच्या पाठीमागं, त्याला दिसणार नाही असा उभा राहिला आणि वाकून त्यानं एक बट कापली. सयाजीच्या बहिणीनं ती परातीत झेलली. मग वस्तरा चालू झाला.

केराबाई कधी उठून जवळ आली ते कुणालाच कळलं नाही. डोकं पुढून मागं उघडं होत गेलं. शेवटी न्हाव्यानं टाळूमागचे केस काढून ओला हात फिरवला तेव्हा तिथं दोन भोवरे दिसले, एकाला एक लागून. केराबाईच्या तोंडून शब्द निघून गेला.

"मायाक्का."

"माज्या मायाक्काचं डोस्कं," ती पुटपुटली. "असंच हुतं. भांगच पडायचा न्हाय सरळ. येनी घालताना रडवायची मला."

सयाजी पाठ फिरवून उभा राहिला. दिगूनं आपलं तुळतुळीत डोकं चाचपलं, म्हातारीकडं बघितलं. आता तो घाबरलेला नव्हता. त्यानं विचारलं, "मायाक्का कोन?"

धनाजीनं सुकन्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. उत्तर केराबाईनंच दिलं.

"माजी लेक हाय बाळा."

"कुटं हाय?"

"लांब ऱ्हाती," केराबाई म्हणाली.

"तिला केक देऊ?"

"दे की. म्या निऊन दीन तिला."

एवढं बोलून ती मागं झाली आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली. बायकांनी दिगूला हळदीच्या पाण्यानं आंघोळ घातली. केराबाईनं आणलेला शर्ट सुकन्यानं त्याला घालून बघितला. हात कसाबसा गेला, पण बटणं लागेनात. "बसतोय की," ती म्हणाली आणि तसाच उघडा राहू दिला, आत बनियन घातलं. करदोडा मात्र बरोबर बसला. तो दोऱ्यात ओवलेला होता, सैल करता येत होता.

जेवणं सुरू झाली. सयाजी पंगतीत नव्हता. धनाजी हात धुवायला टाकीकडं गेला तेव्हा तो तिथं उकिडवा बसलेला होता. नळ चालू होता आणि पाणी नुसतंच वाहत होतं. धनाजीनं नळ बंद केला.

"घरात कुणी तिचं नाव घेत न्हाय," सयाजी म्हणाला. "मीच घेऊ देत न्हाय. आज ऐकलं आणि... पोराला काय सांगायचं म्हणून मी गप्प ऱ्हातो, असं म्हणतो सगळ्यांना. पण ते खरं न्हाय धनाजीराव. मलाच जमत न्हाय."

धनाजीला त्याच्यावरचा राग धरून ठेवायचा होता. सकाळी रिक्षातून उतरल्यापासून तोच त्याला उभं धरून होता. पण समोरचा माणूस लहान पोरासारखा नाक पुसत होता. धनाजी त्याच्या शेजारी बसला. आतून वाढपी "भात, भात" करत फिरत होता, ते ऐकू येत राहिलं.

केक संध्याकाळी होता. सुकन्यानं राहायचा फार आग्रह केला, पण केराबाई म्हणाली, "मेंढरं शेजाऱ्याच्या जिवावर सोडून आलोय." येडूतात्या मांडवाच्या दारापर्यंत आले. "इहीणबाई, मी चुकलो का बोलवून?" त्यांनी विचारलं. केराबाई म्हणाली, "न्हाय तात्या. बघायला तरी मिळालं."

दिगू फुगा घेऊन पळत होता. "पावण्यांना टाटा कर," कुणीतरी म्हणालं. त्यानं पळता पळता हात हलवला.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. धनाजी पिशव्या ठेवत असताना सुकन्या मागून आली. चप्पल न घालताच आली होती.

"आई, एक विचारू?" तिनं केराबाईचा हात धरला. "पुढच्या महिन्यात त्याला बालवाडीत घालायचंय. मॅडमनं विचारलं, पहिला दात कधी आला, पहिल्यांदा चालला कधी. मला काही सांगताच येईना. ह्यांना विचारलं तर हे उठून गेले. उद्या तोच मला विचारेल. तो चालायला तुमच्याकडंच लागला ना?"

"व्हय की," केराबाई म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "वाघूर ठावं हाय का तुला? मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या कडंला मी याला बसवायची. त्या दिवशी काय झालं, एक म्हातारी मेंढी हुती, लई गरीब. तिच्या लोकरीला धरून हे उबं ऱ्हायलं. मी शेण काढत हुते. बगते तर..."

"अव्वा!" मांडवातून हाक आली. पाठोपाठ फुगा फुटल्याचा आवाज आणि रडणं. "अव्वाऽ!"

सुकन्यानं मागं बघितलं. "आले रे!" मग केराबाईकडं बघितलं. "फोन करीन हं मी आई. नक्की करीन." आणि ती अनवाणी धावत गेली.

केराबाई रिक्षात चढली.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. धनाजीला वाटलं, आई आता रडेल. पण ती रडली नाही. शहर मागं पडलं, उसाचे ट्रॅक्टर लागले, बेगमपूरचा पूल आला. खाली भीमेत पाणी थोडंच होतं. केराबाई बाहेर बघत म्हणाली, "पोरगं सुखात हाय धना. ती पोर चांगली हाय."

"हाय."

"अनवानी आली बग."

"व्हय."

पूल मागं पडला. मग ती म्हणाली, "तिला सांगत हुते ते अर्धंच ऱ्हायलं."

"फोन करनार हाय की ती. तवा सांग."

"फोनवर काय सांगनार? बालवाडीत नुसता म्हैना इचारत्यात." तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. "तुलाबी ठावं न्हाय ते. तू मेंढरं घेऊन गेला हुतास. सांजच्याला आलास तवा म्या नुसतं म्हनलं, पोरगं चाललं."

"मग सांग की मला."

"त्यात काय सांगायचं."

"सांग."

केराबाई त्याच्याकडं वळली नाही. खिडकीकडं बघतच सांगू लागली.

"मेंढी गेली रं फुडं. चारा दिसला तिला. आन् हे तसंच उबं ऱ्हायलं. धरायला कायबी न्हाय. पाय लटलटायला लागलं. म्या शेणाचं हात तसंच धरून बसले, उटलेबी न्हाय. म्हनलं, हाक मारली तर दचकंल. त्यानं हिकडं बगितलं, तिकडं बगितलं. मेंढीकडं बगितलं. वाटलं, तिच्याच मागं जातंय आता."

"मग?"

"न्हाय गेलं," केराबाई म्हणाली. "माज्याकडं आलं."